सतरा घरं जेवलेला हवालदार

खडकेवाडीत मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी पाठलाग असतो. देवाची जत्रा वेगळी, पिराचा उरूस वेगळा आणि पाठलाग वेगळा. केम स्टेशनात उतरून कुणालाही खडकेवाडीचा रस्ता विचारा, "हवालदाराला खाऊ घालून पाडणारी वाडी व्हय?" असं विचारल्याशिवाय माणूस हात वर करून दिशा दाखवत नाही.

हकिकत अशी सांगतात. सन एकोणीसशे तीसच्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. गिरणीतल्या कामगारांचा पुढारी अमृत जॉबर, जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम, गोऱ्या साहेबाच्या हातावर तुरी देऊन निसटला, मालगाडीच्या डब्यात बसून केमला उतरला आणि खडकेवाडीत शिरला. त्याच्या मागावर करमाळ्याहून नागनाथ हवालदार आला, बरोबर चार शिपाई. गाव तेव्हा अवघं सतरा घरांचं. हवालदारानं पहिल्या घरी विचारलं, "जॉबर आहे का?" घरातली बाई म्हणाली, "हुता. आत्ताच जेवून गेला. तुमी बसा, पान वाढलंय." हवालदार बसला आणि जेवला. दुसऱ्या घरी तोच प्रश्न, तेच उत्तर आणि पुन्हा पान. असं तीन दिवस चाललं. सतरा घरं जेवून हवालदार सुस्तावला आणि चौथ्या दिवशी जॉबर स्टेशनात गाडी धरून पसार झाला, तो सरकारच्या हाती कधी लागलाच नाही. हवालदाराचा पट्टा-बिल्ला मात्र गेला. नोकरी गेल्यावर तो आपल्या मुलखात परतला नाही. खडकेवाडीतच राहिला, लोकांच्या रानात राबला. जेवणाच्या नादानं राहिला असं गाव म्हणतं. गावाला काय, म्हणायला पैसे पडत नाहीत.

तेव्हापासून हा पाठलाग. सरपंच नवनाथच्या घराकडं जॉबर व्हायचा मान, कारण स्टेशनावरून जॉबरला गावात आणला तो त्याच्या पणज्यानं. हवालदार व्हायचा मान नागनाथ हवालदाराच्या वंशाकडं. मान म्हणायचं आपलं. हलगी वाजायला लागली की जॉबरनं सतरांपैकी एका घरात लपायचं. हलगी थांबली की हवालदारानं घरोघर विचारत जायचं आणि पान वाढलं की जेवायचं. एकाही घरी नाही म्हणायचं नाही. सतरावं घर झालं की जॉबर मिशीवर ताव देत बाहेर येतो, हवालदारानं मोठ्यांदा ढेकर देऊन त्याच्या मागं चार पावलं पळायचं आणि मातीत पडायचं. तो पडला की गाव हसतं. पोट धरधरून हसतं. मग पेढे वाटतात.

नागनाथ हवालदाराचे नातू आबासाहेब गेली बावीस वर्षं पडत होते. त्याआधी एकतीस वर्षं त्यांचे वडील पडले. आबासाहेबांनी एसटीत कंडक्टरकी केली, निवृत्त झाले, घर बांधलं, मुलीला शिकवलं. पण तालुक्यात त्यांची ओळख एकच, 'पडणारा हवालदार'. गाडीत तिकीट फाडताना मागून कुणीतरी बारीक आवाजात ढेकर द्यायचा. आबासाहेब वळून बघायचे नाहीत. वळून काय बघायचं, सगळी गाडीच हसत असायची. लेक प्रतिक्षा सहा वर्षांची असताना बाप मातीत पडलेला बघून पळत आली होती आणि "आबा, लागलं का?" म्हणून रडली होती. तिच्या रडण्यालाही गाव हसलं. ते आबासाहेब विसरले नव्हते.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे आबासाहेबांची साखर वाढली. बायको वच्छला त्यांना ओढत सोलापूरला सात रस्त्याच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढून पुसला आणि परत बघितला.

"गोड खाता?"

"न्हाय. वर्षातनं एकदाच," आबासाहेब म्हणाले.

"एकदा म्हणजे किती?"

"सतरा घरं. चौदा घरी आमरस असतोय, तीन घरी पुरण."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पाठलागाची सगळी हकिकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "इंग्रजांनी तुमच्या घराण्याला सोडलं असेल, मी सोडणार नाही. यंदा एक वाटी जरी रस घेतलात तर पुढच्या वर्षी तुमच्या फोटोपुढं नैवेद्य ठेवावा लागेल."

दुसरी गोष्ट, प्रतिक्षाला पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचं बोलावणं आलं. चाचणी जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. आठशे मीटर ती तीन मिनिटांच्या आत मारत होती. बातमी गावात पोचली तेव्हा आबासाहेबांना वाटलं, आता तरी लोक चार शब्द चांगले बोलतील. नवनाथ सरपंच पारावर म्हणाला, "हवालदाराच्या घरात परत हवालदार! बायांनो, पानं वाढायला घ्या." पार खदखदला. आबासाहेब घरी आले आणि जेवले नाहीत. उद्या पोरगी अंगावर वर्दी चढवील आणि हे लोक तिच्यापुढं ढेकर देतील, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. आपण पडलो ते पडलो. पण तिला हसलेलं त्यांना सहन होणार नव्हतं.

"मी जातच न्हाय यंदा," ते म्हणाले.

"मग हवालदाराचं घर पळालं म्हनतील," वच्छला म्हणाली. ते खरंच होतं.

प्रतिक्षा अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. थांबली नाही. उड्या मारता मारताच म्हणाली, "मी होते की हवालदार."

"तू? सतरा घरं जेवशील?"

"भरतीच्या सरांनी तेलकट बंद केलंय. मी खाणार न्हाय."

"मग काय करशील?"

"हवालदार काय करतोय, आबा? पकडणार."

आबासाहेब हसले, मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. "अगं, पकडायचं नसतंय! पंच्याण्णव वर्षं झाली, कुनी पकडला न्हाय."

"कुनी पळालंच न्हाय, आबा," प्रतिक्षा म्हणाली.

ग्रामपंचायतीत आबासाहेबांनी फक्त एवढंच सांगितलं की तब्येत बरी नाही, यंदा लेक उभी राहील. पकडायचा विषय त्यांनी काढला नाही. काढायला धीर झाला नाही म्हणा. नवनाथ म्हणाला, "पोरगी? चालंल की. पर तेवढं खाणं झेपंल का तिला?" त्याचा मुलगा शिवराज यंदाही जॉबर होता. शिवराज करमाळ्याला जिमला जायचा. दंड एवढे फुगवले होते की सदऱ्याच्या बाहीत हात घालायला त्याला दुसऱ्याची मदत लागायची. पळणं मात्र त्या जिमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

रविवारी सकाळी नऊला गाव गोळा झालं. पुण्याहून, सोलापूरहून, श्रीपूरच्या कारखान्यावरून नोकरदार आले होते. पारावर शाळेतल्या बुद्धप्रिया मॅडम माईक घेऊन बसल्या, दरवर्षी पाठलागाचं वर्णन त्याच करतात. त्यांच्या शेजारी नव्वदीच्या बजाबाई, त्यांच्या शेजारी सरपंच, आणि एका टोकाला आबासाहेब. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पाठलाग बसून बघायला मिळत होता.

दिपकनं हलगी वाजवली. शिवराज धोतर-फेट्यात, मिशीवर ताव देत, सगळ्यांना हात हलवत गल्लीत दिसेनासा झाला. हलगी थांबली. वेशीत पाठमोरी उभी असलेली प्रतिक्षा वळली. पणजोबा हवालदारांचं म्हणून सांगितलं जाणारं जुनं कातडी कमरपट्ट्यासारखं काहीतरी तिनं कमरेला बांधलं होतं आणि पायात पळायचे बूट होते.

"हवालदार पहिल्या घरी, म्हणजे नागूबाईंच्या दारी पोचल्या आहेत," माईकवरून आवाज आला. "नागूबाईंनी पान वाढलेलं आहे. आमरस, कुरडई, शेंगा चटणी. हवालदार आता आसनस्थ होतील."

हवालदार आसनस्थ झाल्या नाहीत. "काकी, झाकून ठेवा," प्रतिक्षा म्हणाली. "आधी काम, मग जेवन."

नागूबाईंचा पळीचा हात वरच्या वर राहिला. पंच्याण्णव वर्षांत त्या दारात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. दुसऱ्या घरीही तसंच झालं, तिसऱ्या घरीही. बुद्धप्रिया मॅडम हुशार बाई, पण त्यांच्याकडं गेल्या वर्षीचाच कागद होता; त्यात हवालदार जेवल्याशिवाय पुढचं वाक्यच येत नव्हतं. त्या नुसत्या "हवालदार... हवालदार..." करत राहिल्या.

तिसऱ्या घरातून बाहेर आल्यावर प्रतिक्षा गल्लीच्या मधोमध उभी राहिली. तिनं घरांकडं बघायचं सोडलं आणि माणसांकडं बघायला लागली. चारशे माणूस जमलेलं. कुणी हिच्या माडीकडं बघत होतं, कुणी त्याच्या छपराकडं, कुणी उगाच आभाळाकडं. एका घराकडं मात्र कुणी म्हणजे कुणी बघत नव्हतं. पोरंसुद्धा त्या बाजूला पाठ करून उभी होती. खडकेवाडीचा हा जुना आजार आहे. काही लपवायचं म्हटलं की सगळं गाव मिळून लपवतं, आणि इतकं मन लावून लपवतं की आंधळ्यालाही सापडावं. ते घर बजाबाईंचं होतं.

प्रतिक्षा सरळ बजाबाईंच्या गोठ्यात शिरली. आतून शिवराजचा आवाज आला, "अगं ए, अजून चौदा घरं ऱ्हायली की!"

मग जे झालं ते बुद्धप्रिया मॅडमनी कागद फेकून देऊन सांगितलं. "जॉबर गोठ्यातून बाहेर! जॉबरच्या हातात आंबा! जॉबरनं आंबा टाकला! जॉबर दगडी गडग्यावरून... नाही, गडग्यावर. जॉबर गडग्यावर अडकले आहेत. सुटले! धोतराचा थोडा भाग गडग्यावरच आहे. हवालदार मागे दहा पावलं. पाच. अगं बाई!"

पाराच्या बरोबर समोर प्रतिक्षानं शिवराजचं मनगट धरलं. तो गुडघ्यावर बसला आणि भात्यासारखा धापा टाकायला लागला. तिला नीट दमही लागला नव्हता. तिनं दुसऱ्या हातानं मनगटावरचं घड्याळ थांबवलं.

दिपकनं हलगीवर थाप मारायला हात उचलला आणि तसाच ठेवला, कारण जॉबर पळाला की काय वाजवायचं ते त्याला बापानं शिकवलं होतं. जॉबर सापडला तर काय वाजवायचं ते बापालाही माहीत नव्हतं. पेढेवाल्यानं पाटीवर फडकं ओढून घेतलं.

पहिला भानावर आला तो नवनाथ. "ह्येला काय अर्थ हाय? जॉबर कदी सापडला न्हाय! सोड त्याला!"

"सापडला की आता," प्रतिक्षा म्हणाली.

"अगं, इतिहास हाय त्यो!"

"इतिहास गडग्यावर अडाकला, त्याला मी काय करू?"

मागच्या पोरांत खसखस पिकली. नवनाथचा चेहरा लालबुंद झाला. तो आबासाहेबांकडं वळला. "आबासाहेब, ही शिकवन दिली व्हय पोरीला? पंच्याण्णव वर्षांची रीत मोडली. तुमच्या आजानं तीन दिस हुडकला, त्याला घावला न्हाय, आन् ही चालली श्यानी व्हायला!"

आबासाहेब उठले. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. माफी मागावी असंही क्षणभर मनात आलं, सवयच होती ती. तेवढ्यात शेजारून बजाबाईंनी विचारलं, "किती येळ लागला गं तुला?"

"अकरा मिनिटं, आजी."

"आकरा मिन्टं," बजाबाई म्हणाल्या. "माजी चूल पेटायला तेवढा येळ लागतोय." त्या बुद्धप्रिया मॅडमच्या इतक्या जवळ बसल्या होत्या की त्यांचं पुटपुटणं माईकमधून सगळ्या वाडीभर ऐकू गेलं. "आन् त्यो तीन दिस काय करत हुता मग?"

"खात हुता!" नवनाथ म्हणाला. पण कुणी हसलं नाही.

"गप रं नव्या. त्यो खात हुता. त्याचं चार शिपाई बी खात हुतं व्हय? ती तर भायेर उनात उभी असायची. माजी सासू सांगायची, हवालदार पानावर बसला की शिपायांनी उंबऱ्याच्या भायेर थांबायचं. सायब जेवतोय तवर घराची झडती घ्यायची कशी? एक घर झालं की लगीच दुसऱ्या घरी पान. शिपायांला एका घराची झडती घ्याय घावली न्हाय तीन दिसांत. जॉबर तीनी दिस आमच्याच गोठ्यात हुता. हवालदार आमच्याच वट्ट्यावर जेवला, गोठ्यापसनं पाच हातांवर. मी बी दरसाल हसले. कदी इचार केला न्हाय बघा. कालच्या पोरीला आकरा मिन्टांत दिसलं, आन् वीस वर्सं पोलिसात काढल्याल्या मानसाला दिसलं नसंल?"

आबासाहेब उभे होते ते खाली बसले. त्यांना आजोबा आठवले. सात-आठ वर्षांचे असताना बघितलेले, वाळकुडे, ताटात अर्धी भाकरी घेणारे. आजी आग्रह करायची तर हात आडवा धरायचे, म्हणायचे, पुरे. सगळा तालुका ज्याला खादाड म्हणतो तो माणूस अर्धी भाकरी कशी काय खायचा, हे ना आबासाहेबांनी कधी विचारलं, ना त्यांच्या वडलांनी. लोक हसतात म्हणजे खरंच असणार असं धरून दोघेही त्रेपन्न वर्षं मातीत पडत राहिले. आजोबांनी नोकरी घालवली, नाव घालवलं आणि गावाला एक शब्द सांगितला नाही. सांगून कसं चाललं असतं? राज्य साहेबाचं होतं. आणि मग हसण्याची सवयच पडून गेली असेल, लोकांना आणि त्यांनाही. आबासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

नवनाथनं फेटा सारखा केला, परत सारखा केला. सरपंच माणूस, भाषणाशिवाय दोन शब्द बोलायची सवय नाही. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "आबासाहेब, मंजे आमी... एवढी वर्सं... लई चुकलं की वो आमचं."

"व्हय," आबासाहेब म्हणाले. "चुकलं."

एवढं बोलायला त्यांना एकोणसाठ वर्षं लागली होती. बोलल्यावर त्यांना छातीत मोकळं वाटलं.

"मंजे आता मला सोडायचं का न्हाय?" खालून शिवराज म्हणाला. "गुडघं दुखाय लागलं."

प्रतिक्षानं बापाकडं बघितलं. तिनं मनगट सोडलं नव्हतं, आणि सोडायची तिची इच्छाही दिसत नव्हती. पहिल्यांदाच त्यांच्या घरातल्या कुणाच्या तरी हातात जॉबर सापडला होता.

"सोड, पोरी," आबासाहेब म्हणाले.

"आबा, मी पकडलाय त्याला."

"बघितलं की समद्यांनी. आता सोड. कसं सोडत्यात ते बी बघू दे."

मग तिनं बोटं उघडली. शिवराज उठला, एका पायावर लंगडला, बापाकडं बघितलं, हवालदाराकडं बघितलं. "पळू?" त्यानं विचारलं.

"पळ," प्रतिक्षा म्हणाली.

तो कसला पळतोय. फाटकं धोतर एका हातात धरून, दर वीस पावलांवर थांबून दम खात तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. एखाद्या म्हशीनंही त्याला गाठलं असतं. वाट सरळ होती, उघडी होती, आणि वळणावरच्या बाभळीपर्यंत तो सगळा वेळ डोळ्यांपुढं दिसत होता. हलगी वाजली नाही. ढेकर कुणी दिला नाही. चारशे माणसं आता त्या जॉबरकडं बघतच नव्हती, त्याच्याकडं पाठ करून उभ्या राहिलेल्या हवालदाराकडं, प्रतिक्षाकडं, बघत होती. आबासाहेबांची नजर तिच्या पायांवर गेली. बुटातले पाय पळायला शिवशिवत होते, पोटऱ्या थरथरत होत्या, आणि शिवराज बाभळीच्या पलीकडं जाईपर्यंत तिनं एक पाऊल हलू दिलं नाही.